भाच्याला कानमंत्र: गिऱ्हाईक मिळवावं कसं, राखावं कसं

हे पाहा बाप्पा, चिखलीत बसून अमेरिकेचं काम करता येतं हे तुला मी काय सांगणार! मी सांगतो ते त्याच्या पुढचं.

जाहिरात दिसली की प्रपोजल टाकत सुटू नको. अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवर त्याला कनेक्ट्स लागतात, अन् एक कनेक्ट 15 सेंटला पडतो. आधी क्लायंटची माहिती वाच. त्याचं पेमेंट व्हेरिफाय आहे का? आधीच्यांना त्यानं काय दिलं? मग पहिल्या दोन ओळींत त्याच्याच कामाबद्दल बोल. तुझी डिग्री नंतर.

‘सगळं करतो’ असं प्रोफाइलवर लिहू नको. एक काम धर अन् त्याचे तीन चांगले नमुने लाव.

भाव कमिशन धरून सांग. फायव्हर ही तशीच दुसरी साइट 100 डॉलरमधले 20 कापते, डॉलरचे रुपये होताना आणखी थोडे जातात.

ठरावीक रकमेचं काम असेल तर माइलस्टोनचे, म्हणजे त्या टप्प्याचे, पैसे साइटकडे एस्क्रोत जमा झाल्याशिवाय हात लावू नको. कुणी टेलिग्रामवर बोलावून डिपॉझिट मागितलं, तर तिथूनच रामराम. काम देणारा कधी पैसे मागत नसतो. कमिशन वाचवायला क्लायंटला बाहेर नेऊ नको. अपवर्कची त्यावर दोन वर्षं बंदी असते. खातं गेलं की सगळे रिव्ह्यू गेले.

आता राखायचं. न्यूयॉर्कात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेवढा तासभर मेसेजला हजर राहा, रात्रभर जागू नको. शुक्रवारची तारीख असेल तर फाइल गुरुवारीच तयार ठेव; लाइट गेली ही अडचण आपली, त्याची नाही. उशीर होणारच असेल तर तारीख उलटायच्या आत कळव, नवी तारीखही दे. किती दुरुस्त्या फुकट, हे सुरुवातीलाच लिहून ठेव.

खामगावला चांदी घ्यायला लोक लांबून येतात ते शुद्धतेच्या भरवशावर. तुझे रिव्ह्यू तसे असू दे. काम संपल्यावर महिनाभरानं विचार, ‘ते नीट चाललंय ना?’ जुना क्लायंट परत आला की प्रपोजलचा खर्च नाही, ओळख करून देणं नाही.

पण निम्मी कमाई एकाच्याच भरवशावर आली की दुसरा शोधायला लाग. अन् बिलं, बँकेचे दाखले पहिल्या महिन्यापासून जपून ठेव. उलाढाल 20 लाखांच्या जवळ आली की जीएसटीचं सीएला विचार.