सतरा अंकांचा आकडा आणि मी

१२३४५६७८९८७६५४३२१. गणिताचा मास्तर म्हणून हा आकडा मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल! त्याच्या संगतीत हाती लागलं ते असं.

१. आकडा मोठा दिसला की आधी त्याची घरं मोजावीत. 'लीलावती'तली एक, दश, शत, सहस्र ही माळ म्हणत उजवीकडून निघा. अगदी डावीकडचा १ 'मध्य'च्या घरात येतो, परार्धाच्या एकच घर अलीकडे. निम्मा बाऊ इथेच संपतो.

२. कॉम्प्युटर म्हणेल ती पूर्वदिशा नव्हे. एक्सेलमध्ये हा आकडा टाइप करा, शेवटच्या २१ च्या जागी ०० येतील. एक्सेल पंधराच अंक जपतं, आणि बाकीचे गिळताना चकार शब्द काढत नाही. लांबलचक खाते क्रमांक म्हणूनच 'टेक्स्ट' करून भरायचा.

३. गुणाकार एकदा तरी हाताने मांडावा. १११११११११ ला त्यानेच गुणायचं. सारख्याच नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून उभ्या बेरजा घेत चला: एक, दोन, तीन... मधल्या रांगेत बरोबर नऊ, मग उतार. कुठेही हातचा नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पोरं लगेच म्हणतात, "सर, मग पुढेही असंच!" दहा वेळा १ लिहून बघा. मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल गेला.

४. अंकांची बेरीज पुष्कळ सांगते, पण सगळं नाही. इथे ती ८१ आहे. म्हणजे ९ ने भाग जाणार हे नक्की, ८१ ने जाईलच याची हमी नाही. तरी जातो, कारण १११११११११ लाच ९ ने भाग जातो, मग वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. हे एकांचे वर्गही त्यांच्याच 'डेम्लो' संख्यांत मोडतात. ही कल्पना त्यांना सुचली डोंबिवली स्टेशनात, म्हणून ते नाव. डोंबिवलीची ओळख नुसती गर्दीपुरती का असावी?

५. मूळ अवयव पाडले की आकडा उघडा पडतो. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात हे सगळे दुप्पट वेळा येतात, म्हणून विभाजक ४५. विभाजकांची संख्या विषम असणं ही पूर्ण वर्गाची खूणच.

एक ते नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या नऊ वर्गांत हर्षद तीनच: १ चा, १११ चा आणि हा आपला. बाकीचे सहा का नापास होतात, ते वहीत करून बघा. कॅल्क्युलेटर लागणार नाही.