शिवेवरचा वाघोबा

अंधेरी हे मुंबईच्या उपनगरांतील अत्यंत गजबजलेले ठिकाण. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तेथील स्थानकात माणसांचे लोंढे ये-जा करीत असतात. स्थानकाच्या पूर्वेस कारखाने, कचेऱ्या आणि उंच इमारती यांची एकच दाटी आहे. परंतु मरोळचा भाग मागे टाकला, की देखावा पालटू लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस झाडे दाट होतात, वाहनांचा गोंगाट मागे पडतो आणि हवेत गारवा जाणवतो. हे आरेचे रान.

१९४९ साली येथे सरकारी दुग्धवसाहत उभी राहिली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून येथे वारली, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी आदिवासींची वस्ती आहे. आरेत त्यांचे सत्तावीस पाडे आहेत. या रानाला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे अरण्य पसरलेले आहे. या अरण्यात आणि आरेच्या झाडीत बिबटे राहतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण निराळी असते. त्यामुळे छायाचित्रांवरून एक बिबट्या दुसऱ्यापासून ओळखता येतो. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ साली या प्रदेशाची पाहणी झाली, तेव्हा येथे सुमारे ३५ बिबटे असावेत असा अंदाज निघाला.

असे बलवान श्वापद घराच्या इतके जवळ वावरत असता पाड्यावरची माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या कशी राहिली असतील? त्यांनी भिंती बांधल्या नाहीत, की बंदुका जमवल्या नाहीत. त्यांनी रानाच्या कडेला वाघोबाची स्थापना केली.

वारली लोक पट्टेरी वाघालाही वाघ म्हणतात आणि बिबट्यालाही वाघच म्हणतात. या दोहोंचा देव तो वाघोबा. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघाची आकृती कोरलेली असते. तिच्या वरच्या अंगास पुष्कळदा सूर्य व चंद्र असतात. फळीला शेंदूर लावलेला असतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या १५० स्थानांची नोंद आहे. दिवाळीच्या तोंडावर आश्विन वद्य द्वादशी येते. त्या दिवसाला वाघबारस म्हणतात. त्या दिवशी वाघोबाची पूजा होते. आमच्या माणसांना आणि गुरावासरांना सांभाळ, असे मागणे देवाजवळ मागितले जाते.

ही केवळ भाबडी समजूत आहे, असे शहरातील एखाद्यास वाटेल. परंतु या पूजेतील विचार नीट पाहिला पाहिजे. ज्याला आपण देव मानले, त्याची कोणी खोडी काढीत नाही. त्याच्या वाटेत कोणी आडवे जात नाही. रान हे वाघाचेही घर आहे, त्यात आपण एकटेच धनी नव्हे, ही जाणीव लहानपणापासून मुलांच्या मनात रुजते आणि त्या जाणिवेतूनच वागण्याची शिस्त निर्माण होते.

ती शिस्त साधी आहे. दिवेलागणीनंतर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये. अंधारात जाणे भागच पडले, तर चारचौघांनी मिळून, हाती विजेरी घेऊन आणि मोठ्याने बोलत जावे. बिबट्या दिसला तर त्याचा पाठलाग करू नये. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

या प्रत्येक नियमामागे कारण आहे. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेस जात नाही. माणसाची चाहूल लागताच तो दूर होतो. म्हणून बोलत चालावे. लहान मूल, किंवा बहिर्दिशेला बसलेला माणूस, त्याला अंधारात एखाद्या लहान प्राण्यासारखा भासू शकतो. म्हणून मुलांना जपावे. कुत्री हे बिबट्याचे एक आवडते भक्ष्य आहे. जेथे उकिरडा साचतो तेथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. म्हणून परिसर स्वच्छ ठेवावा.

याउलट, श्वापदाला पकडून दूर नेले म्हणजे संकट टळले, असे मानणे किती घातक असते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या परिसरात उसाच्या शेतांत बिबटे राहतात. २००१ सालापासून तेथील अनेक बिबटे पकडून दूरच्या वनांत सोडण्यात आले. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा विपरीतच आढळले. पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. या उपायानंतर ते सतरांवर गेले! ओळखीचा मुलूख सुटलेले जनावर बिथरते, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी दुसरे येते.

मुंबईनेही असे दिवस पाहिले आहेत. २००४ साली राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. तेव्हाही पिंजऱ्यांकडेच सर्वांचे डोळे लागले होते. पुढे २०११ साली वनखात्याने नागरिकांच्या साहाय्याने एक मोहीम हाती घेतली. शाळांतून, वसाहतींतून आणि पाड्यांतून लोकांना सांगण्यात आले, की बिबट्या दिसणे म्हणजे संकट नव्हे. सावधपणे वागणे हाच खरा उपाय होय. पाड्यांवरील वडीलधारी माणसे जे सांगत आली, तेच आता शास्त्रही सांगू लागले.

तरीही धोका संपला असे नाही. २०२१ साली आरेत बिबट्याने अनेकांना जखमी केले. २०२२ च्या दिवाळीत तर पहाटेच्या अंधारात एका तान्ह्या मुलीचा बळी गेला. वाघोबाची पूजा हा काही जादूचा ताईत नाही. जेथे वाटेवर दिवा नाही, घराजवळ शौचालय नाही, तेथे अंधारात बाहेर पडावेच लागते. अशा ठिकाणी केवळ भक्ती पुरी पडत नाही आणि केवळ उपदेशही पुरा पडत नाही. दिवे लावणे, कचरा उचलणे आणि रान राखणे ही कर्तव्ये साऱ्या नगरीची आहेत. रान जसजसे आकसत जाते, तसतशी माणसाची आणि श्वापदाची गाठ अधिक पडते.

गावाच्या सीमेला मराठीत शीव असा जुना शब्द आहे. शीव म्हणजे आपले कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हे दाखवणारी खूण. भिंतीला डोळे नसतात. ती दोन्हीकडच्यांना केवळ अडवते. शीव मात्र दोन्हीकडच्यांनी ओळखायची आणि पाळायची असते. रानाच्या कडेला शेंदूर माखून उभा असलेला वाघोबा ही अशीच एक शीव आहे. तिच्या पलीकडे राहणाऱ्याचा मान राखला, तर अलीकडे राहणाऱ्यांची मुलेबाळे अधिक सुखरूप राहतात, ही गोष्ट वारली माणसाने फार पूर्वीच ओळखली होती.