नवा कॉम्प्युटर नादुरुस्त निघाला तर

बैल विकत घेताना आपण काय करतो? दात पाहतो. चालवून पाहतो. पाठीवरून हात फिरवतो. मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. पैसे देतो ते सगळ्यात शेवटी.

आता बाजार मोबाईलवर आला आहे. चित्र पाहायचे, बोटाने दाबायचे, पैसे आधी भरायचे. चार-आठ दिवसांनी खोके दारात येते. वस्तूला हात लागतो तो पैसे गेल्यावर. म्हणून इथे पारख करायची ती खोके आल्यावर, आणि तीही लवकर.

या पाठात आम्ही खेळाच्या कॉम्प्युटरबद्दल सांगणार आहोत. पोरे त्याला गेमिंग पीसी म्हणतात. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, खेळाचा कॉम्प्युटर आम्हाला काय करायचा?" खरे आहे. पण घरातल्या तरण्या मुलाला तो हवा असतो. पैसे बापाचे जातात आणि पावतीही पुष्कळदा बापाच्या नावाची असते. म्हणून हा पाठ बापाने वाचावा.

साधा कॉम्प्युटर आणि हा कॉम्प्युटर यांत फरक काय? याच्या पेटीत एक जादा भाग असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. पडद्यावर पळणारी, उड्या मारणारी चित्रे भराभर काढण्याचे काम हे कार्ड करते. ते महाग असते आणि जडही असते. मोठे कार्ड किलोभर किंवा त्याहून जास्त भरते. पेटीत ते आडवे, एका खाचेत अडकवलेले असते. आता विचार करा. अशी पेटी ट्रकमधून शेकडो मैल हादरत येते. खाचेतले कार्ड हलणार नाही तर काय होईल? रॅम नावाच्या पट्ट्याही अशाच खाचेत बसवलेल्या असतात. त्याही ढिल्या होतात.

म्हणजे नवा कॉम्प्युटर चालला नाही, तर तो बिघडलेलाच आहे असे नाही. कधी नुसते काहीतरी ढिले झालेले असते. कधी आपणच वायर चुकीच्या जागी लावतो. आणि कधी माल खरोखरच खोटा निघतो. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

खोके आले की आधी बाहेरून पाहावे. कोपरा चेपला आहे का? चिकटपट्टी कुणी उचकटली आहे का? मग एकाने मोबाईल धरावा आणि दुसऱ्याने खोके उघडावे. खोक्यावरचा पत्ता, न फोडलेली पट्टी, आतली पेटी, पेटीवरचा नंबर, सगळे एका सलग चित्रीकरणात यावे. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेले चित्रीकरण कामाचे नाही. पेटी फुटकी आली, तर ती आधीच तशी होती हे पुढे यावरून दाखवता येते. खोके आणि आतला फोम फेकू नये. परत पाठवायची वेळ आली तर तेच लागते. पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवशी खोक्यात कांदे भरलेले असतात!

पेटीच्या आतही फोमची किंवा हवेची गादी कोंबलेली असू शकते. ती प्रवासापुरती असते. सोबतचा माहितीचा कागद आधी वाचावा आणि गादी काढल्याशिवाय बटण दाबू नये.

आता कॉम्प्युटर चालूच होत नाही असे समजा. पेटीच्या मागे, वीज येते तिथे, एक छोटे बटण असते. त्यावर एक उभी रेघ आणि एक शून्य असते. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. पुष्कळदा ते शून्यावरच राहिलेले असते. मग घरातला प्लग पाहावा. त्याच प्लगला पंखा लावून पाहावा. संध्याकाळी विजेचा दाब कमी होत असेल, तर दाब बरा असेल तेव्हा पुन्हा पाहावे. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे की नाही हेही वायरमनकडून पाहून घ्यावे. कंपनी हा प्रश्न हमखास विचारते.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो. असे झाले तर पडद्याची वायर कुठे लावली आहे ते पाहावे. पेटीच्या मागे तसल्याच भोकाच्या दोन जागा असू शकतात. एक जागा मदरबोर्डची असते, म्हणजे आतल्या मुख्य पाटीची. ती बहुतेक वरच्या बाजूला असते. दुसरी ग्राफिक्स कार्डची, ती खाली आडवी असते. वायर खालच्या जागेत हवी. हुशार म्हणवणारी पोरेसुद्धा इथे घोटाळा करतात.

एवढे करूनही चालले नाही, तर पेटीचे झाकण उघडावे का? यावर लोकांत दोन मते आहेत. आमचे मत असे की, आधी विकणाऱ्याला लेखी विचारावे. "झाकण उघडून रॅम आणि कार्ड दाबून पाहू का? हमी जाणार नाही ना?" त्यांनी होकार दिला तरच उघडावे. प्लग काढावा, पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग काम करावे. पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात. चालू करताना अडचण आली की त्यांतला एक पेटून राहतो. रॅमचा दिवा पेटला तर खोट रॅमजवळ शोधायची, कार्डाचा पेटला तर कार्डाजवळ. त्या दिव्याचा फोटो काढून ठेवावा. तो शंभर शब्दांचे काम करतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या गावात एका शेतकऱ्याच्या मुलाने असा कॉम्प्युटर मागवला. सोयाबीनच्या पैशांतले ८५ हजार रुपये त्यात गेले. थोडी रक्कम नव्हे. कॉम्प्युटर चालू व्हायचा. साधी कामे करायचा. पण खेळ लावला की वीस मिनिटांत पडदा काळा, आणि पंखे भणाणून फिरायला लागायचे. बंद करून पुन्हा चालू केला की पुन्हा तेच.

मुलाने दुकानाला फोन केला. दर वेळी फोनवर नवा माणूस. दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. कुणी म्हणे सॉफ्टवेअर पुन्हा टाका. कुणी म्हणे तुमच्या गावची वीज खराब. "दोन दिवसांत आमचा फोन येईल." असे करता करता सात दिवस गेले.

बापाने आमच्या रात्रीच्या वर्गात वर्षभरापूर्वी अक्षर गिरवले होते. त्याने पावती मागितली. बोट ठेवून वाचली. म्हणाला, "आरं, हितं तर दहा दिवसांची मुदत लिवलीय. आज कितवा दिस?"

"आठवा, आबा."

"मग तू त्यास्नी लिवून काय दिलंस?"

"लिहून कशाला? नऊ वेळा फोन केला की मी."

"फोनचा कागुद कुठाय?"

मुलगा गप्प झाला. मुदत संपल्यावर दुकान म्हणणार, आम्हाला कुणी सांगितलेच नाही. नऊ फोन वाऱ्यावर गेले असते. त्याच रात्री बापलेक आमच्याकडे आले आणि आम्ही तिघांनी मिळून तक्रार लिहिली. बापाने ती स्वतः वहीत उतरवून सही केली. मुलाने तिचा फोटो आणि तोच मजकूर दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवला. मजकूर साधारण असा होता:

"मा. तक्रार अधिकारी यांस,
मी अमुक तारखेला तुमच्याकडून एक कॉम्प्युटर घेतला. पावती क्रमांक अमुक. पेटीवरचा क्रमांक अमुक. किंमत ८५ हजार रुपये. माल अमुक तारखेला मिळाला.
पहिल्या दिवसापासून खेळ लावल्यावर सुमारे वीस मिनिटांत पडदा काळा होतो. वेगवेगळ्या दिवशी सहा वेळा असे झाले. दुसऱ्या घरी नेऊन, दुसऱ्या प्लगवर लावला, तरी तसेच झाले. चित्रीकरण सोबत जोडले आहे.
परत करण्याची तुमची मुदत १० दिवसांची आहे. आज ८ वा दिवस आहे. माल बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. उत्तर लेखी द्यावे.
सही, तारीख."

पाहा, यात राग नाही, शिवी नाही, रडगाणेही नाही. कधी घेतला, काय बिघडले, आपण काय करून पाहिले आणि आता काय हवे, एवढेच आहे. "कॉम्प्युटर बेकार आहे" असे लिहिले तर कुणाला काय कळणार? "वीस मिनिटांत पडदा काळा होतो" हे कळते. दुसऱ्या घरी लावून पाहिला ही ओळ फार उपयोगी पडली. गावच्या विजेचे कारण त्यांना पुन्हा सांगता आले नाही.

तक्रार अधिकारी कुठे सापडतो? ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांसाठी सरकारने २०२० साली नियम केले. त्याप्रमाणे अशा कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर लिहायचा असतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. त्याच नियमांत असेही आहे की, माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ नये. "आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, आमचा संबंध नाही," असे दुकान म्हणू लागले, तर हा नियम दाखवावा.

इथे एक धोका सांगून ठेवतो. दुकानाचा नंबर मोबाईलवर कुठेतरी शोधून फोन लावू नये. चोरांनी तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. नंबर घ्यायचा तो पावतीवरून किंवा दुकानाच्या ॲपमधून. "नोंदणीसाठी पाच रुपये भरा", "ओटीपी सांगा", "हे ॲप टाका म्हणजे आम्हाला तुमचा पडदा दिसेल", असे कुणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवावे.

आमच्या गावच्या तक्रारीला पोच आली. पुढे दोन आठवडे काही नाही. मग बापाने १९१५ ला फोन केला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. त्यांनी पावतीचा नंबर, तारीख, किंमत विचारली. बापाने समोरचा कागद वाचून सगळे सांगितले. तक्रारीला एक क्रमांक मिळाला, तो त्याने वहीत टिपून घेतला. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ती तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि तडजोड घडवू पाहते. पण सरकारकडून विचारणा आली की पुष्कळ कंपन्या हलतात. ही कंपनी हलली. तिचा माणूस येऊन पेटी तपासून गेला. ग्राफिक्स कार्ड सदोष होते. आठवड्याने पूर्ण पेटी बदलून मिळाली.

नसती मिळाली तर? तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपल्या देशात ग्राहकांसाठी पहिला कायदा १९८६ साली झाला. त्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. पूर्वी तक्रार बहुधा विकणारा असेल त्या जिल्ह्यात करावी लागे. दिल्लीच्या दुकानाशी सांगलीचा शेतकरी कसा भांडणार? नव्या कायद्याने ही अडचण काढली. आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र खोट कळल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाच्या सरकारी संकेतस्थळावरूनही ती करता येते. आयोग खोट काढून द्यायला, माल बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्यायलाही सांगू शकतो. पण तिथेही पहिला प्रश्न हाच: पावती कुठे आहे, आणि तुम्ही कंपनीला लेखी कधी कळवले?

माल परत न्यायला माणूस येतो तेव्हाही डोळे उघडे ठेवावेत. कॉम्प्युटरमधले आपले फोटो आणि कागद आधी काढून घ्यावेत. आपली खाती बंद करावीत. पेटी त्याच फोममध्ये, त्याच खोक्यात भरावी आणि भरताना पुन्हा चित्रीकरण करावे. पेटीवरचा नंबर त्यात दिसू द्यावा, म्हणजे "तुम्ही दुसरीच पेटी पाठवली" असे कुणाला म्हणता येणार नाही. आणि नेणाऱ्या माणसाकडून तारखेची पोच हातात पडल्याशिवाय खोके दाराबाहेर जाऊ देऊ नये.