सांडपाण्याची वाट

प्रस्तावना

घरात येणाऱ्या पाण्याची आपण फार काळजी घेतो. नळाला पाणी किती वाजता येते, गच्चीवरची टाकी भरली की नाही, याकडे सर्वांचे लक्ष असते. वापरलेले पाणी मात्र मोरीच्या जाळीखाली दिसेनासे झाले की आपल्या मनातूनही जाते. तेच पाणी उलटे वर येऊ लागले की घरात धावपळ उडते. कोणी बांबूची काठी शोधतो, कोणी ॲसिडची बाटली आणतो. असे पाणी का तुंबते, अडथळा कसा ओळखावा आणि सेप्टिक टाकीची सफाई कशी करून घ्यावी, याची माहिती आपण या पाठात घेणार आहोत.

मूळ पाठ

दिल्लीत यमुनेच्या पूर्व काठावर मयूर विहार ही मोठी वसाहत आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आणि त्यांना लागून असलेली चिल्ला, दल्लूपुरा, कोंडली ही जुनी गावे, असे या परिसराचे मिश्र स्वरूप आहे. नियोजित इमारतींतील मैलापाणी भुयारी गटारातून वाहून जाते. जवळच कोंडली येथे मैलापाण्याचे शुद्धीकरण केंद्र आहे. महानगरातील ज्या वस्त्यांत गटार उशिरा पोहोचले किंवा अद्याप पोहोचलेले नाही, तेथे घराखाली किंवा दारासमोर सेप्टिक टाकी, म्हणजे मैलाटाकी, बांधतात. म्हणून घर स्वतःचे असो वा भाड्याचे, आपले पाणी गटारात जाते की टाकीत, हे राहणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. अनेकांना ते ठाऊक नसते.

अडथळा कोठे आहे?

पाणी तुंबले की प्रथम एक साधी पाहणी करावी. केवळ मोरी तुंबली असेल आणि शौचालयाचे पाणी नीट जात असेल, तर दोष मोरीच्या ट्रॅपमध्ये आहे. तेथे केस, साबणाचा साका आणि कापडाचे धागे अडकतात. स्वयंपाकघरातील नळी बहुधा तुपातेलामुळे चोंदते. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत वनस्पती तूप नळीच्या आत मेणासारखे गोठते आणि त्यावर भाताची शिते चिकटतात. खरकटे भांडे आधी कागदाने पुसून मग धुतले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

घरातील सर्वच ठिकाणचे पाणी एकदम थांबले, तर मात्र अडथळा पुढे आहे. बहुमजली इमारतीत याची खूण फार स्पष्ट असते. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली आणि तळमजल्याच्या मोरीतून पाणी उसळले, तर सामाईक नळी खालच्या बाजूस बंद झालेली असते. अशा वेळी तळमजल्यावरचे कुटुंब बिचारे आपलीच मोरी खरवडत बसते! वास्तविक तो खर्च सर्वांनी मिळून करायचा असतो. प्लंबरला इमारतीबाहेरील चेंबरचे झाकण उघडून पाहण्यास सांगावे. चेंबर रिकामे असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या दरम्यान असतो. ते तुडुंब भरले असेल तर त्याच्या पुढे.

ॲसिडबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. दूरवरच्या अडथळ्यापर्यंत ते पोहोचतच नाही. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

कधी पाणी तुंबलेले नसते, तरी दुर्गंधी येते. उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंब महिनाभर गावी जाते आणि परत आल्यावर घरभर घाण वास पसरलेला असतो. ट्रॅपच्या वाकात थोडे पाणी साचून राहते आणि ते गटारातील वायू अडवते. ते पाणी सुकले की वायूला वाट मोकळी होते. तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. त्यासाठी प्लंबर बोलावण्याची गरज नाही.

पाठगत प्रश्न
१. तळमजल्याच्या मोरीतून वरच्या मजल्याचे पाणी का उसळते?
२. बंद घरात दुर्गंधी येण्याचे एक कारण सांगा.

टाकीच्या पोटात काय चालते?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ज्याँ-लुई मुरास यांनी अशी टाकी बांधली. पुढे १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी ती सुधारून तिला ‘सेप्टिक’ हे नाव दिले. तिची रचना साधी आहे. मैलापाणी टाकीत संथ होते. जड भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, हलका व तेलकट भाग वर साय धरतो आणि मधले पाणी पलीकडच्या नळीतून शोषखड्ड्याकडे जाते. हवेवाचून जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग खाऊन टाकतात. उरलेला साठत जातो. बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. टाकीत किमान १००० लिटर पाणी मावावे आणि पाण्याची खोली निदान १ मीटर असावी, असेही त्यात म्हटले आहे.

‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही,’ असे काही लोक अभिमानाने सांगतात. ही आनंदाची गोष्ट नव्हे. अशा टाकीचा तळ बहुधा कच्चा असतो किंवा गाळ पाण्याबरोबर सरळ नाल्यात जात असतो. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. साताऱ्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तर तक्रारीची वाट न पाहता, ठरावीक वर्षांनी घरोघरी गाडी पाठवून टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली.

फ्लशची गळती हा टाकीचा छुपा शत्रू आहे. सतत पाणी आले की गाळ खाली बसत नाही. फ्लशच्या टाकीत थोडी निळी शाई टाकून अर्धा तास ती वापरू नये. भांड्यात निळसर पाणी उतरले, तर आतील रबर बदलावे.

यमुनाकाठच्या सखल जमिनीत पावसाळ्याची अडचण वेगळीच. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा उच्चांक मागे पडला. नदीपात्रालगतच्या झोपड्यांतील लोकांना मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूत राहावे लागले. भूजल असे वर आले की शोषखड्डा पाणी शोषत नाही. तेव्हा टाकी उपसूनही फारसा उपयोग होत नाही. पाणी ओसरेपर्यंत वापर कमी करणे, एवढेच आपल्या हाती उरते.

टाकीत माणूस उतरवू नये

टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठतात. पहिल्याला सडलेल्या अंड्यासारखा वास असतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि ‘आता वास येत नाही’ असे समजून माणूस फसतो. एकदोन श्वासांतच तो कोसळू शकतो. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकणाजवळ काडी किंवा बिडी पेटवू नये. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि त्याचाही अंत होतो, असे पुन्हापुन्हा घडले आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी येथे सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या पत्नी न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश शासनाला दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ही रक्कम ३० लाख रुपये केली.

२०१३ च्या कायद्याचे कलम ७ सर्वांना लागू आहे. संरक्षक साधनांवाचून गटारात वा टाकीत उतरवून सफाई करून घेण्यास कोणत्याही व्यक्तीला, संस्थेला वा पालिकेला मनाई आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘मी कोठे सांगितले, तो आपणहून उतरला’ ही सबब पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पण पैसे ठरवून काम सोपवणारा आपणच असतो. मजूर शिडी आणि बादली घेऊन दारात आला, तर काम तेथेच थांबवावे आणि नळीने मैला ओढणारी गाडी मागवावी. तिचे भाडे मजुरीपेक्षा जास्त पडेल. सफाईच्या तक्रारींसाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये १४४२० हा क्रमांक जाहीर केला. गाडी आल्यावर ती मैला कोठे रिकामा करणार, हेही विचारावे. जवळच्या नाल्यात ओतणारे चालकही असतात.

शब्दार्थ

साका – तळाशी साठलेला घट्ट गाळ
तुडुंब – काठोकाठ
शोषखड्डा – सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा
सबब – निमित्त, कारण

स्वाध्याय

१. टाकी अनेक वर्षे न भरणे चांगले का नाही, ते लिहा.
२. ‘बधिर होणे’ आणि ‘वाट मोकळी होणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
३. तुमच्या इमारतीची सेप्टिक टाकी उपसण्यासाठी समितीने मजूर ठरवला आहे. त्याऐवजी गाडी मागवावी, अशी विनंती करणारा अर्ज सचिवांना लिहा.