दाद देता येते का आपल्याला?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याचा अभ्यास गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, ही विनंती. विषय गाण्या-वाजवण्याचा आहे, खरं तो आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे. लेख जरा मोठा झालाय, सांभाळून घ्या.

*घडलं काय*

दोन महिन्यांपूर्वी निपाणीकडच्या एका घरी गुरुवारचं भजन होतं. त्या घरचा मुलगा कॉलेजला शिकतो, इलेक्ट्रिक गिटार फार सुरेख वाजवतो. त्या दिवशी त्याने गिटार स्पीकरला जोडली आणि अभंगाला साथ धरली. पोरंटोरं पुढे सरकली, मोबाईल वर आले, व्हिडिओ निघाले. रात्री ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

आपले पेटीवाले काका त्या दिवशी कोपऱ्यात बसून पेटी वाजवत होते. वीस-बावीस वर्षं तेच आपलं भजन सांभाळत आलेत. कुणाचा सूर चढला की पट्टी बदलतात, कुणी कडवं विसरलं की हळूच पुढचा सूर देतात. त्या रात्री त्यांच्याबद्दल ग्रुपवर एक ओळसुद्धा आली नाही. पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. "गुडघा दुखतोय" म्हणून निरोप आला.

आम्ही ग्रुप चालवणारे. आम्हाला सगळं दिसत होतं, तरी आम्ही गप्प बसलो. चूक काकांची नाही, पोराचीही नाही. दाद कशी द्यावी हे आम्हाला कळलं नाही, ही आमची चूक. म्हणून हा अभ्यास आधी आमच्यासाठी आहे.

*आपल्याच मातीतली गोष्ट*

पौर्णिमेला आपण नृसिंहवाडीला जातो. वाडीहून जवळच कुरुंदवाड आहे. त्या गावात एका मोठ्या गवयाचे अखेरचे दिवस गेले. त्यांचं नाव रहिमत खाँ. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे ते चिरंजीव. ते कुरुंदवाडला आले कसे, ते ऐका.

सर्कसवाले विष्णुपंत छत्रे तरुणपणी ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते. पुढे त्यांनी सर्कस काढली, नाव कमावलं. गुरूंचा मुलगा काशीत हलाखीत फिरतोय असं दिसल्यावर छत्र्यांनी त्यांना आपल्याजवळ आणलं आणि सांभाळलं. अफूचं व्यसन, मनाचा ठिकाणा नाही, अशा माणसाला सांभाळणं सोपं नव्हतं. विष्णुपंतांच्या मागे त्यांच्या भावाने तो भार उचलला. 1922 साली रहिमत खाँ कुरुंदवाडातच वारले. गुरूवरचं प्रेम गुरूच्या मुलापर्यंत पोचलं, म्हणून तो सूर आपल्या भागात वाजत राहिला.

आता या सुराचा प्रवास बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी रहिमत खाँचं गाणं ऐकलं आणि त्यांच्या गायकीवर त्याचा ठसा उमटला. खाँसाहेब स्वतः किराणा घराण्यातले. दुसऱ्या घराण्याच्या गवयाचं गाणं आवडलं म्हणून त्यांना कमीपणा वाटला नाही. धारवाडात गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचं गात. एवढे मोठे उस्ताद त्यांच्या घरी ते गाणं ऐकायला जात. कर्नाटक संगीतावर त्यांचा इतका जीव, की त्यागराजांची रचना त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली. खाँसाहेब 27 ऑक्टोबर 1937 रोजी गेले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली. दरवर्षी उरुसात तिथे गवई येऊन सुरांची हजेरी लावतात. त्या हजेरीत कुणी कुणाचा धर्म विचारत नाही, भाषाही विचारत नाही. आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला याचं मोल जास्त कळायला हवं.

*रेकॉर्डवर ऐकलेला गुरू*

याच खाँसाहेबांची एक रेकॉर्ड गदगच्या एका मुलाने ऐकली. 1933 साल, वय अकरा. गाणं ऐकून तो इतका झपाटला, की गुरू शोधायला घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली असं फिरत फिरत ते जालंधरला पोचले. तिथे विनायकबुवा पटवर्धन भेटले.

इथे जरा थांबून विचार करा. विनायकबुवा ग्वाल्हेर परंपरेचे नामांकित गवई. समोर असा जिवावर उदार झालेला शिष्य. "राहा माझ्याकडे" म्हणाले असते, तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मुलाला परत आपल्या मुलखात जायला सांगितलं, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे. सवाई गंधर्व म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे ज्या सुरासाठी पोराने अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, तो सूर घरापासून फार लांब नव्हता. आणि ते सांगितलं कुणी, तर दुसऱ्या घराण्याच्या माणसाने.

"तुला जे हवंय ते माझ्यापेक्षा त्यांच्याकडे आहे", हे मनापासून म्हणता येणं फार अवघड आहे. आपल्याला म्हणता येतं का? शेजारच्याच्या पोराला चांगली शिकवणी कुठली, हे सांगतानासुद्धा आपण हात आखडता घेतो.

कुंदगोळला भीमसेनजींनी गुरूघरी पडेल ते काम केलं आणि मोजक्या रागांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. नाव झाल्यावरही, दुसऱ्या घराण्यांच्या गायकांकडून आपण काय काय उचललं, हे ते मोकळेपणाने कबूल करत. 1952 साली सवाई गंधर्व गेले. 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला आणि पंडितजींनी तो अनेक दशकं वाढवला. त्या मंचाला नाव दिलं गुरूचं, आणि त्यावर बोलावलं सगळ्या घराण्यांच्या लहानथोर कलावंतांना.

*नाव झाल्यावर पुन्हा पाटी घेणं*

धारवाडजवळच्या मनसूरचे मल्लिकार्जुन मन्सूर. मिरजेला नीलकंठबुवांकडे ते ग्वाल्हेर गायकी शिकले. तरुणपणीच त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, लोक नावाने ओळखू लागले. आपल्यातला कुणी असता तर तिथेच हार घालून बसला असता. मन्सूरजी मात्र अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. सगळी मांडणी नव्याने शिकायची होती. 1937 साली मंजी खाँ अकाली गेले, तर त्यांचे भाऊ भुर्जी खाँ यांच्याकडे कोल्हापूरला शिकणं चालू ठेवलं.

नम्रता म्हणजे मान खाली घालून "मी काय, माझं काय" म्हणणं, असा आपला समज असतो. तसं म्हणायला कष्ट पडत नाहीत. नाव झालेलं असताना पुन्हा पाटी हातात घ्यायला कष्ट पडतात.

*सुळेभावीचं पोर*

आता बेळगावच्या अगदी दारातली गोष्ट. सुळेभावी गावात 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र कोमकलीमठ यांचा जन्म झाला. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हे पोर हुबेहूब तसंच गाऊन दाखवायचं. लोक तोंडात बोट घालायचे. त्या वयातच 'कुमार गंधर्व' हे नाव मिळालं. आज बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे.

हुबेहूब नक्कल जमते म्हटल्यावर टाळ्या मिळत राहिल्या असत्या. तरी त्यांना मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे ठेवलं गेलं आणि तिथे शिक्षण पायापासून झालं. पुढे 1948 साली ते देवासला गेले. क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळले, गाणं बंद. त्या काळात खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीतं कानावर पडत. ज्याच्यासाठी मोठमोठ्या सभा वाट बघत होत्या, तो माणूस अंथरुणात पडून त्या साध्या गाण्यांकडे शिष्यासारखा कान लावून राहिला. बरे होऊन उठल्यावर त्यांच्या गाण्यात ती माळव्याची माती आली.

बालगंधर्वांवर त्यांचं फार प्रेम. त्यांच्या नाट्यगीतांचा कार्यक्रम कुमारजींनी केला, त्याचं नाव ठेवलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. हे नाव दोनदा वाचा. लहानपणी हुबेहूब नक्कल करणारा मुलगा मोठेपणी नक्कल करत नाही. "मला जेवढे कळले तेवढे" असं म्हणून पुढे येतो. यात बालगंधर्वांचा मान राहिला आणि कुमारजींचा स्वतःचा आवाजही राहिला.

*गिटारवाल्यांचंही तेच*

आता पोरं म्हणतील, ही सगळी जुनी माणसं. तर मग त्यांच्या आवडीची गोष्ट घ्या. आपल्या गिटारवाल्या मुलानेच ती आम्हाला सांगितली.

1966 साली लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन नावाच्या गिटारवादकाचा एवढा बोलबाला होता, की त्याच्या चाहत्यांनी भिंतीवर "क्लॅप्टन देव आहे" असं रंगवलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेतून जिमी हेंड्रिक्स तिथे आला. त्यालाही क्लॅप्टनला भेटायची ओढ होतीच. 1 ऑक्टोबरला क्लॅप्टनच्या कार्यक्रमात हेंड्रिक्सने दोन घटका सोबत वाजवायची परवानगी मागितली आणि असं काही वाजवलं, की सगळे अवाक झाले. भर मंचावर, स्वतःच्या चाहत्यांसमोर, "देवा"ला आपल्याहून वेगळा, जबरदस्त सूर ऐकावा लागला.

त्याने काय करावं? हेंड्रिक्सशी मैत्री केली आणि आयुष्यभर त्याचं कौतुक केलं. सुरुवातीला तर केससुद्धा त्याच्यासारखे कुरळे करून घेतले! हसू नका. आपणही सद्गुरूंसारखा गंध लावतो, त्यांच्यासारखं थांबून थांबून बोलतो. प्रेमाची सुरुवात अशीच होते. मात्र केस कुरळे केले म्हणून हात तसा फिरत नाही. पुढे क्लॅप्टन स्वतःच्या वाटेनेच वाजवत राहिला.

*यातून घ्यायचं काय*

एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात ते फार प्रेमाने उलगडलेत. त्यात पृथ्वी, समुद्र, सूर्य आहेत, तशीच मधमाशी, कोळी आणि लहान मूलही आहे. अवधूताने प्रत्येकाकडून एकेक गुण घेतला. तो स्वतः मधमाशी झाला नाही, कोळीही झाला नाही. दत्तगुरूंच्या दारात उभं राहणाऱ्या आपल्याला याहून वेगळं काय सांगायचं?

आम्हाला जे उमजलं ते असं. दुसऱ्याचा गुण बघून मनात तीन गोष्टी येतात. पहिली जळफळाट. दुसरी नक्कल. तिसरी शिकण्याची इच्छा. पहिली आली तर लाजू नये, ती सगळ्यांना येते. दुसरीवर अडकून पडू नये. तिसरीपर्यंत पोचलं की तिथे गुरुकृपा सुरू होते, कारण तिथे "मी" थोडा बाजूला सरकलेला असतो.

आणि दाद देणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. एकाला दाद देताना दुसऱ्याला अंधारात ढकलू नये. गिटारीला टाळी द्या, जरूर द्या. खरं त्या गिटारीला सूर कुणी दिला, तेही बघा.

परवा त्या मुलाशी बोललो. तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी दोनदा सूर सोडला होता. काकांनी पेटीवर मला परत आणलं. कुणालाच कळलं नाही." आम्ही विचारलं, "मग काकांना सांगितलंस काय?" म्हणाला, "भ्या वाटतंय ओ."

या गुरुवारी भजनाच्या आधी आम्ही त्या मुलाला घेऊन काकांच्या घरी जाणार आहोत. गुडघा खरंच दुखत असेल तर भजन त्यांच्याच घरी करू. पोराला जे सांगायचंय ते तो सांगेल. आम्हाला जे सांगायचंय, म्हणजे "चुकलो", ते आम्ही सांगू. काका येतील की नाही, हे त्यांच्यावर.

*या आठवड्याचा घरचा अभ्यास*

1. आपल्याहून एखादी गोष्ट चांगली करणाऱ्या एका माणसाचं नाव घरात सर्वांसमोर घ्या. शक्यतो ज्याच्याबद्दल मनात थोडी अढी आहे, त्याचंच.

2. त्याच्याकडून एक लहानशी गोष्ट शिका. विचारायला स्वतः जा, मेसेजवर भागवू नका.

3. सासूबाईंनी सुनेकडून आणि सुनेने सासूबाईंकडून काय शिकलं, ते एकेक वाक्यात सांगावं. पुरुषमंडळींनी मध्ये बोलू नये.

4. ग्रुपवर टाळ्या टाकण्याआधी, मागे बसून साथ करणारा कोण होता ते आठवून त्याचंही नाव लिहावं.

5. रात्री नामस्मरणाआधी दोन मिनिटं शांत बसून दिवसभरात कुणाचं चांगलं बघून मन जळलं, ते गुरुचरणी ठेवावं.

चुकलं-माकलं पदरात घ्यावं. आपल्या घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏