वासा सदैव आर्द्र : अडुळशाची लागवड व निगा

कास, श्वास व रक्तपित्त या व्याधींत वासा न योजणारा वैद्य विरळाच. भावप्रकाश निघंटूत हिच्या पर्यायांमध्ये ‘भिषङ्माता’ हे नाव आले आहे. असे असूनही आपल्यापैकी बहुतेकांच्या औषधालयात ही माता बाजारातील पोत्यातूनच येते. प्रस्तुत लेखात अडुळशाच्या लागवडीचा विचार करावयाचा आहे. तत्पूर्वी ती आवश्यक का, हे पाहणे उचित ठरेल.

शास्त्राधार

शुष्क द्रव्याचे जे मान सांगितले असेल, त्याच्या दुप्पट आर्द्र द्रव्य घ्यावे, ही सर्वसाधारण परिभाषा आपणांस ज्ञात आहे. शार्ङ्गधराचार्यांनी मात्र हिला अपवाद सांगितले आहेत. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही नऊ द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत आणि त्यांचे मान दुप्पट करू नये, असा त्यांचा आदेश आहे. याचा सरळ अर्थ असा की, वासेचे झाड हाताशी असणे हे ग्रंथकारांनी गृहीतच धरले आहे.

बाजारातील पानांचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही वासापत्राचे एक पोते खरेदी केले. निवडताना त्यात काही निराळी पाने आढळली. त्यांचा तळ दोन्ही बाजूंस विषम होता व कडा दंतुर होत्या. ती महारुखाची (ऐलँथस एक्सेल्सा) पर्णिका निघाली. वासेत होणारी ही भेसळ द्रव्यगुणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अडुळशाचे पान साधे, समोरासमोर येणारे, भालाकृती, अखंड कडेचे व दोन्ही टोकांस निमुळते असते. चूर्ण झाल्यावर मात्र डोळ्यांनी निर्णय होत नाही, सूक्ष्मदर्शकाचीच मदत घ्यावी लागते. वासापत्रात सिस्टोलिथ व डायासायटिक प्रकारची पर्णरंध्रे दिसतात. सिस्टोलिथ न दिसल्यास चूर्णाविषयी शंका घ्यावी. म्हणून फार्मसीचालकांनी शक्यतो चूर्ण खरेदी न करता अखंड पानेच घ्यावीत.

परिचय

अडुळसा (जस्टिशिया अधाटोडा, जुने नाव अधाटोडा व्हॅसिका) हे अकँथेसी कुलातील सदाहरित झुडूप होय. फुले पांढरी, ओठांच्या आकाराची व जांभळट रेषांची असतात. त्यांवरूनच ‘सिंहास्य’ हे नाव पडले. केरळातील वैद्य याच्याच जवळच्या, लहान पानांच्या जातीला (जस्टिशिया बेडोमी) प्राधान्य देतात. आपल्याकडील ‘काळा अडुळसा’ (जस्टिशिया जेंडारुसा) ही मात्र वेगळी वनस्पती आहे. रोपे आणताना ही गल्लत टाळावी.

लागवड

अडुळसा बियांपेक्षा छाटांपासून लवकर व खात्रीने येतो. पक्व, परंतु फार जून नसलेल्या फांदीचे १५ ते २० सें.मी. लांबीचे, तीन-चार पेरांचे छाट घ्यावेत. खालची पाने काढून टाकावीत व किमान दोन पेरे मातीत जातील असे ते लावावेत. पावसाळ्याचा आरंभ हा यासाठी उत्तम काळ. जमीन कोणतीही चालते, मात्र पाण्याचा निचरा हवा. पाणी साचल्यास मुळे कुजतात.

शेतात दोन झाडांत सुमारे ६० सें.मी. अंतर ठेवावे. औषधालयाच्या ३० फूट कुंपणालगत दोन-दोन फुटांवर १६ झुडपे बसतात. गुरे-शेळ्या सहसा याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण व औषध असा दुहेरी लाभ होतो.

निगा व पर्णसंग्रह

पहिल्या वर्षी तण काढणे व पावसाळ्याच्या आरंभी शेणखत देणे एवढे पुरते. हिवाळ्यात बेताने व उन्हाळ्यात माती सुकू लागताच पाणी द्यावे. पाने औषधासाठी घ्यावयाची असल्याने रासायनिक फवारणी कटाक्षाने टाळावी. झुडूप नीट रुजेपर्यंत पाने तोडू नयेत. पुढेही संपूर्ण झाड ओरबाडू नये. पक्व, निरोगी पाने घ्यावीत व शेंड्याकडील कोवळी पाने राखावीत. वर्षातून एकदा छाटणी केल्यास नवे फुटवे जोमाने येतात, आणि छाटलेल्या फांद्यांतून पुढील लागवडही साधते.

पाने साठवावयाचीच असल्यास सावलीत, पातळ थरात वाळवावीत. ढीग करून ठेवल्यास ती काळवंडतात व त्यांस बुरशी येते. पोत्यावर संग्रहाचा महिना लिहिण्याची सवय प्रत्येक फार्मसीने लावून घ्यावी.

स्वरस व पुटपाक

वासेची पाने नुसती कुटून पिळली असता रस फारसा निघत नाही. म्हणूनच शार्ङ्गधराचार्यांनी पुटपाक विधी सांगितला. पानांचा कल्क वड किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळून त्यावर दोन अंगुळे जाड मातीचा लेप द्यावा. लेप निखाऱ्यासारखा लाल होईपर्यंत तो गोळा अग्नीत ठेवावा व नंतर कल्क पिळून रस घ्यावा. मात्रा १० ते २० मि.लि., मधासह. वासावलेहासही हाच ताजा स्वरस योग्य, आणि त्यात मध घालावयाचा तो अवलेह थंड झाल्यावरच.

दोन सावधानता

वासेतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडवरूनच ब्रोमहेक्सिन हे आधुनिक कफघ्न औषध विकसित झाले. याच व्हॅसिसीनचा गर्भाशयावर संकोचक परिणाम दिसून आला आहे. सबब गर्भिणीस वासा देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला किंवा कफातून रक्त असणाऱ्या रुग्णाची थुंकी-तपासणी केल्याविना केवळ वासेवर विसंबू नये. वासेने कास शमतो, रुग्णास बरे वाटते, आणि क्षयाचे निदान मात्र लांबते. तोवर घरातील लहान मुलांनाही संसर्ग होऊ शकतो. क्षयरुग्णाची नोंद शासनास कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे व ते आपणांसही लागू आहे. क्षयविरोधी चिकित्सा सुरू असताना वासेचे स्थान पूरक आहे, पर्यायी नव्हे.

वासा आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर कास, क्षय व रक्तपित्ताच्या रुग्णाने खिन्न का व्हावे, असा जुन्या वैद्यांचा विश्वास होता. तो विश्वास खऱ्या, ताज्या व ओळखीच्या वासेवर होता. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वैद्यबंधू-भगिनींनी किमान चार छाट आपल्या अंगणात लावावेत, अशी आमची विनंती आहे.