‘व्हिलन’ : एका शब्दाचा अधःपात

सिनेमा पाहून आलेला आपल्यापैकी कोणीही ‘व्हिलनचे काम झकास झाले’ असे सहज बोलून जातो. दुष्ट, कपटी मनुष्य हा या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ होय. परंतु त्याचे मूळ शोधू लागल्यास तेथे दुष्टपणाचा लवलेशही आढळत नाही. आढळतो तो शेतात राबणारा कुळवाडी!

लॅटिन भाषेत ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडीसह असलेले जमीनदाराचे घर. तेथील जमीन कसणारा तो ‘व्हिलानुस’. ‘व्हिलेज’ हा शब्दही याच कुळातला. १०८६ साली इंग्लंडच्या पहिल्या विल्यम राजाने जमिनींची पाहणी करविली. त्या ‘डूम्सडे बुका’त सर्वांत मोठा वर्ग या कुळांचाच आहे. पुढे हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. सरदार-जमीनदारांच्या तोंडी त्याचा अर्थ आधी ‘असभ्य’, मग ‘हलकट’ आणि अखेरीस ‘दुष्ट’ असा घसरत गेला.

शेक्सपिअरच्या काळी दोन्ही अर्थ जिवंत होते. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लँडोला ‘व्हिलन’ म्हणतो तो ‘दुष्ट’ या अर्थी. ऑर्लँडो मात्र ‘हीन कुळीचा’ हा अर्थ धरून आपल्या वडिलांचे नाव सांगतो. १६२३ च्या नाट्यसंग्रहात ‘ऑथेल्लो’च्या पात्रयादीत इयागोपुढे हाच शब्द छापलेला आहे. याच नाटकावरून आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे गो. ब. देवल यांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ रचले. इयागो हा शेतकरी नव्हे, सैन्यातला अधिकारी. कपट त्याचे, पण त्यासाठी वापरलेले नाव शेतकऱ्याचे!

संस्कृतातही ‘खल’ म्हणजे दुष्ट आणि ‘खल’ म्हणजे धान्य मळण्याचे खळे. मात्र केवळ उच्चारसाम्यावरून या दोहोंचे नाते जोडणे योग्य नव्हे. ‘व्हिलन’चा अर्थ कसा बदलला, हे जुन्या लेखनातून पायरीपायरीने दाखविता येते. शब्दाचे मूळ सांगताना असा पुरावा हवा.

मग आपण निर्दोष आहोत काय? ‘गावंढळ’ हा शब्द आपण शिवीसारखाच वापरतो, आणि त्यातही ‘गाव’ आहे. आपल्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी कृष्णाकाठच्या आणि दुष्काळी भागातल्या खेड्यांतून येतात. एखाद्याच्या बोलण्याला हसून हा शब्द उच्चारताना आपण त्या जुन्या जमीनदारांचीच री ओढत असतो. दुष्टपणा कृतीत असतो, जन्मगावात नसतो. शब्दाला खाली ओढणारे बोलणारेच असतात. त्याला सावरणेही त्यांच्याच हाती असते.